माळवद ते पत्रा : आपल्या छपरांचा थोडा इतिहास



जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाऊ जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पांढरीला पांढरी का म्हणायचे, असे वर्गात विचारले की मुले गप्प बसत. गंमत अशी की त्याचे उत्तर मुलांच्या डोक्यावर, म्हणजे घराच्या छपरात असायचे! पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी मातीची घरे बांधायची, ती पडायची, त्यावर पुन्हा घरे उठायची. चुलीची राख, चुना, शेण, भिंतींची माती असे सगळे मिसळून त्या जागेची माती फिकी, खारवट आणि चिकट होते. हीच माती पुन्हा छपरावर जाते, कारण तिच्यातून पाणी सहसा झिरपत नाही. आमच्या तालुक्याचे गाव भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या नावांबरोबर या गावाचे नाव कोरलेले आहे. तिथे 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केले, त्यात सातवाहनांच्या काळातले थर निघाले. इटलीतल्या पाँपेई शहरात सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी जिचे साम्य सांगतात, अशी एक मूर्तीही तिथे मिळाली. पुस्तकात मूर्तीचा फोटो येतो, मातीचा येत नाही. पण दोन हजार वर्षे माणसाने उन्हापासून स्वतःला कसे वाचवले, ते मूर्तीपेक्षा त्या मातीलाच जास्त ठाऊक असणार.

आमचे धावडा भोकरदन तालुक्याच्या उत्तरेला, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ आहे. बुलढाणा जिल्ह्याची हद्द तिथून जवळ. पावसाळ्यात सुंदर, थंडीत झोंबणारे आणि उन्हाळ्यात भाजून काढणारे असे आमचे गाव. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. या हवेत पूर्वी ज्याची थोडीफार ऐपत असे तो माळवदाचे घर बांधी. (खानदेशात याला धाबे म्हणतात.) ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलच म्हणजे लाकडाच्या बारीक चिपा. त्यावर पालापाचोळा किंवा पऱ्हाट्या आणि वर फूट-दीड फूट पांढरी माती, चोपून चोपून बसवलेली. पाणी जायला पन्हाळ आणि उजेडाला छतात एखादे साणे. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मातीची नवी पाटी वर टाकायची. वर्षानुवर्षे असे होत राहिल्याने छपराचे वजन वाढत जाई. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अशा घरात दुपारी गारवा का असे? माती उष्णता लवकर वाहू देत नाही आणि तिचे वजन एवढे असते की ती तापायलाच वेळ लागतो. सकाळी दहाला ऊन छपरावर पडले तर त्याची ऊब आतल्या किलचांपर्यंत पोचायला रात्र होई. आणि रात्री आत कोण असे? सगळे घर माळवदावर! संध्याकाळी मुले घागरीने पाणी शिंपडत, मग वाकळी पसरल्या जात. म्हाताऱ्यांच्या बाजा वर चढवायच्या हा पुतण्यांचा मान. थंडी सुरू झाली की तीच माणसे आत, चुलीच्या उबेला. म्हणजे छप्पर बारा महिने एकच, ऋतूप्रमाणे बदलत ती माणसे. शाळासुद्धा मार्चपासून सकाळची व्हायची. आमच्या पूर्वजांनी ऋतूशी जुळवून घेण्याचे काम घरावर टाकले नाही, स्वतःच्या अंगावर घेतले. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आज शास्त्रज्ञ नेमके हेच काम छपराकडून करून घ्यायला निघाले आहेत.

आता एक प्रश्न. उन्हाळ्यात रात्री माळवदावर झोपल्यावर पहाटे वाकळ अंगावर ओढावी लागते. त्याच वेळी अंगणातल्या लिंबाखाली झोपलेल्याला तेवढे गार लागत नाही. हवा तर दोघांना सारखीच! मी जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवले, विज्ञान नव्हे. पण निवृत्तीनंतर वेळ मिळाला आणि पुण्यातला नातू हाताशी सापडला, म्हणून हे समजून घेतले.

प्रत्येक वस्तू, मग ती गरम असो की थंड, सतत उष्णतेचे अदृश्य किरण बाहेर टाकत असते. आपले अंग, भिंत, गोधडी, छप्पर, सगळे टाकते. लिंबाखालच्या माणसाने टाकलेली उष्णता पानांवर जाते आणि पानेही तेवढीच परत पाठवतात. देवाणघेवाण फिटंफाट! उघड्यावरच्या माणसासमोर मात्र नुसते आभाळ असते. हवेतली वाफ आणि कर्बवायू बहुतेक उष्णताकिरण अडवतात, पण साधारण 8 ते 13 मायक्रॉन लांबीच्या लहरींना हवा अडवत नाही. वातावरणाला ही जणू खिडकीच आहे. आपल्या रोजच्या तापमानाच्या वस्तू सगळ्यात जास्त किरण टाकतात ते नेमके याच पट्ट्यात. त्या खिडकीपलीकडे अवकाश आहे, उणे 270 अंशांचे. म्हणजे रात्री छपरावर झोपणारा माणूस आपली उष्णता थेट अवकाशाला देत असतो आणि परत फारसे काही मिळत नाही. ढग आले किंवा हवेत दमटपणा वाढला की खिडकी बंद होते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडी ढगाळ रात्री जीव नकोसा होतो आणि थंडीतल्या निरभ्र रात्री दव पडते.

दवावरून हरभऱ्याची आंब आठवली. शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. हरभऱ्याच्या पानांवर आंबट खार असतो. थंडीत रात्री त्या झाडांवर स्वच्छ धोतर किंवा फडके पसरायचे, ते पहाटे दवाने भिजते, मग पिळून घ्यायचे. पोटदुखीवर घरोघरी हे औषध असे. दव वरून पडते असे आपण म्हणतो, खरे तर ते कुठून पडत नाही. पाने आणि फडके उघड्या आभाळाला उष्णता देऊन हवेपेक्षा गार होतात, आणि गार तांब्याला बाहेरून पाणी सुटावे तशी हवेतली वाफ त्यांवर जमते. हे सिद्ध करणारा माणूस लंडनचा एक डॉक्टर, विल्यम चार्ल्स वेल्स. त्याने रात्र रात्र एका बागेत बसून लोकरीचे मोजून घेतलेले पुंजके कधी उघड्यावर, कधी फळीखाली ठेवले आणि कुठे किती दव जमते ते तोलून पाहिले. 1814 साली त्याचा दवावरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात तो एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. नाजूक रोपांवर माळी पातळशी चटई टाकत, ते पाहून पूर्वी त्याला हसू येई. एवढ्याशा चटईने थंडी कशी अडणार? पण रोप आणि आभाळ यांच्यामध्ये काही आडोसा असला की पुरते, हे कळल्यावर त्याला त्या माळ्यांचे शहाणपण उमगले. अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांचे ज्ञान असे उशिरा मान्य होते. आपल्याकडे तर फार वेळा झालेले आहे.

वेल्सने दाखला म्हणून घेतलेली एक गोष्ट तर थेट हिंदुस्थानातली आहे. सर रॉबर्ट बार्कर नावाच्या कंपनीच्या सेनापतीने 1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले की अलाहाबादच्या बाजूला लोक बर्फ तयार करतात. यंत्र नाही, हिमालय जवळ नाही, आणि हवा गोठणबिंदूपर्यंत उतरलेलीही नाही! मोकळ्या मैदानात दोनेक फूट खोल चौकोनी खड्डे खणायचे, तळाशी उसाच्या नाहीतर मक्याच्या वाळल्या ताटांचा जाड थर द्यायचा, त्यावर उथळ मातीच्या थाळ्या ओळीने मांडायच्या आणि त्यात संध्याकाळी उकळून गार केलेले पाणी ओतायचे. सूर्य उगवायच्या आत थाळ्यांत बर्फाचे पापुद्रे. ते गोळा करून, ठोकून खोल खड्ड्यात साठवायचे आणि उन्हाळ्यात वापरायचे. बार्करला वाटले की पाणी उडून जाते त्यामुळे गारवा येतो. वेल्सने दाखवले की मुख्य काम उघड्या आभाळाचे आहे. ताटांचा थर जमिनीची ऊब अडवतो आणि थाळीतले पाणी आपली उष्णता वर फेकत राहते. 1833 साली अमेरिकेतून ट्यूडरचा बर्फ जहाजाने कलकत्त्याला आला, पुढे यंत्राचा बर्फ आला आणि हा धंदा बसला. थाळ्या मांडणाऱ्या त्या माणसांपैकी एकाचेही नाव इतिहासात नाही.

आपण कोजागिरीला दूध चांदण्यात ठेवतो आणि श्रेय चंद्राला देतो. चंद्र बिचारा काही गार करत नाही. पण शरदातल्या निरभ्र आभाळाखाली उघडे ठेवलेले दूध खरोखरच लवकर निवते. निरीक्षण पक्के, कारण तेवढे वेगळे.

असो. मूळ विषय छपरांचा.

माळवद गेले कसे? पहिले कारण लाकूड. सागवानाच्या तुळया आजोबांच्या काळात मिळत, पुढे त्या सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्या. दुसरे कारण मजुरी आणि दरवर्षीची माती. गडी मिळेना, तरुण मुले शहरात, पावसाळ्यात छप्पर गळू लागले. तिसरे कारण मात्र एका रात्रीत आले. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, चारच्या सुमाराची वेळ. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले होते आणि लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) भागात किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होता, पण दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेले मातीचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. जी माती दुपारी गारवा देत होती तिच्याखालीच माणसे गाडली गेली. किल्लारी आमच्यापासून लांब. तरी त्या वर्षी आमच्या गावातही लोक कित्येक रात्री अंगणात झोपले. त्यानंतर ज्याला जमले त्याने माळवद उतरवले आणि पत्रा टाकला. 1985 पासून इंदिरा आवास योजनेची आणि 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजनेची घरकुले आली, त्यांतही पत्रा किंवा स्लॅब.

म्हणून जुन्या घरांचे गोडवे गाणारे लेख वाचले की मला थोडे अवघडल्यासारखे होते. माळवद गार होते हे खरे, आणि मराठवाड्यात त्याने माणसे मारली हेही खरे. सध्या आमच्या भावकीत हीच चर्चा चालू आहे. जुन्या वाड्याचे चार खण अजून माळवदाचे आहेत. एक बाजू म्हणते आजोबांची खूण आहे, राहू द्या. दुसरी म्हणते पाडा आणि पत्रा टाका. वयाने मोठा म्हणून मला विचारले गेले. पुतण्यांनो, मास्तरला मत विचारले की तो आधी इतिहास सांगतो, तेव्हा थोडा धीर धरा.

पत्र्याचाही इतिहास आहे बरं का. इंग्लंडात हेन्री पामर याने 1829 साली नालीदार पत्र्याचे पेटंट घेतले, 1837 साली फ्रान्समध्ये सोरेलने लोखंडावर जस्त चढवण्याची रीत शोधली, आणि दोन्ही मिळून आपला आजचा पत्रा झाला. हलका, स्वस्त, दोन माणसांत एका दिवसात बसणारा. भूकंपात तो जीव घेत नाही. पण उन्हाळ्यात त्याच्याखाली बसून पाहा! चकचकीत पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, मग तो एवढा का तापतो? याचे उत्तर मला फार उशिरा कळले. चकचकीत धातूला उष्णताकिरण बाहेर टाकणे जमत नाही. माती, चुना, वीट यांना जेवढे जमते त्याच्या चौथा हिस्साही नव्या पत्र्याला जमत नाही. म्हणजे उन्हाचा जो वाटा आत आला तो आभाळाला परत देता येत नाही, पत्रा तापतच राहतो. पुढे गंज चढला, धूळ बसली की तो ऊनही जास्त पिऊ लागतो आणि खालच्या बाजूने सगळी धग खोलीत सोडतो. सिमेंटच्या स्लॅबची तऱ्हा वेगळी. चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर तापतो आणि नेमका झोपायच्या वेळी खोलीत उष्णता सोडायला लागतो. माळवदासारखी जाडी नाही आणि पत्र्यासारखे लवकर निवणेही नाही.

हे सगळे सोसते कोण, हे पाहिले पाहिजे. कर्ती माणसे दिवसभर शेतात, झाडाखाली, बाजारात असतात. दुपारी दोन ते पाच पत्र्याखाली असतात त्या म्हाताऱ्या बाया, बाळंतिणी आणि तान्ही मुले. नोकरीत असताना मी एका शाळेत पत्र्याच्या वर्गात शिकवले आहे. एप्रिलमध्ये अकरानंतर मुलांचे डोळे जड होत, कुणाचे नाक फुटे. त्यांना ओरडण्यात अर्थ नसे. आमच्या नात्यातल्या एक आजी गेली काही वर्षे उन्हाळ्यात दुपारभर मारुतीच्या पारावर बसून असत. लोकांना वाटे म्हातारीला देवाची ओढ. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, देव घरातही आहे रे, पण घरात बसवत नाही." उष्माघात फक्त रस्त्यावर होतो असे आपण समजतो. अहमदाबादेत मे 2010 मध्ये पारा 46.8 अंशांवर गेला, तेव्हा नेहमीपेक्षा 1300 हून अधिक माणसे जास्त दगावली असे पुढे अभ्यासकांनी मोजून सांगितले. त्यानंतर 2013 साली त्या शहराने उष्म्याशी लढायची योजना केली, आणि गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी रंगवणे हा तिथल्या प्रयत्नांचा एक भाग झाला. आपल्या शेजारच्या तेलंगणाने (1956 पर्यंत आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो) 2023 साली थंड छपरांचे धोरण जाहीर केले. पाच वर्षांत 300 चौरस किलोमीटर छपरे अशी करायची, असे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे.

पांढरा चुना दोन कामे करतो. ऊन मोठ्या प्रमाणात परतवतो, आणि धातूसारखा अडून न बसता स्वतःची उष्णता आभाळाच्या खिडकीतून बाहेरही टाकतो. तरीही भर दुपारी छप्पर हवेपेक्षा थंड राहावे हे फार अवघड. उन्हाचा मारा चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास आणि आभाळाला देता येते ते जेमतेम शंभर. म्हणजे दहातले नऊ भाग ऊन परतवले तरी जमाखर्च कसाबसा बरोबरीत! 2014 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातले आश्वथ रामन, शानहुई फान आणि त्यांचे सहकारी यांनी ही कोंडी फोडली. चांदीच्या पातळ थरावर दोन पदार्थांचे सात अतिसूक्ष्म थर चढवून त्यांनी 97 टक्के ऊन परतवणारा पृष्ठभाग केला. भर उन्हात, वीज न वापरता, तो हवेपेक्षा जवळजवळ 5 अंश थंड राहिला. अलाहाबादच्या थाळ्यांनी रात्री जे केले ते यांनी दिवसा करून दाखवले. मध्ये अडीचशे वर्षे गेली.

पण यात एक मेख आहे, आणि आमच्यासारख्या थंडीवाल्या गावांना ती लगेच कळेल. असे छप्पर थांबत नाही. जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली असतानाही ते घरातली ऊब आभाळाला वाटत सुटते. आधीच थंडीत पत्र्याच्या घरात पहाटे आतून थेंब टपकतात, ते पत्रा रात्रीत गार पडल्यामुळेच. त्यात आणखी भर कशाला? मग उन्हाळ्यात उष्णता टाकणारे आणि थंडीत राखणारे छप्पर करता येईल का?

डिसेंबर 2021 मध्ये सायन्स या नियतकालिकात याचे उत्तर आले. कॅलिफोर्नियातल्या बर्कले इथल्या जुनच्याओ वू यांच्या गटाने तापमानाप्रमाणे वागणूक बदलणारा लेप तयार केला. त्याचे मर्म व्हॅनेडियम डायऑक्साइड नावाच्या पदार्थात आहे. 1959 साली मॉरिन या शास्त्रज्ञाने दाखवले होते की हा पदार्थ सुमारे 67 अंशांच्या वर धातूसारखा वागतो आणि खाली तसा वागत नाही. छपरासाठी 67 अंश उपयोगाचे नाहीत. म्हणून त्यात शेकडा दीड एवढे टंगस्टन मिसळले, तेव्हा तो बदल साधारण बावीस अंशांवर आला. रचना अशी : तळाशी चांदीचा थर, त्यावर उष्णताकिरणांना पारदर्शक असा थर आणि त्यात या पदार्थाचे डोळ्यांना न दिसणारे चौकोन. गार हवेत चौकोन पारदर्शक राहतात, त्यामुळे खालची चांदी दिसते आणि चांदी उष्णता बाहेर टाकत नाही. गरम हवेत चौकोन धातूसारखे होतात, खालच्या चांदीशी मिळून किरण शोषू आणि सोडू लागतात. जी वस्तू किरण चांगले शोषते ती चांगले सोडतेही, हा नियमच आहे. पूर्ण क्षमता 1 धरली तर 15 अंशांखाली हे छप्पर 0.2 एवढीच उष्णता टाकते आणि 30 अंशांवर 0.9! ना वीज, ना बटण. आमच्या आजीने वैशाखात वाकळ माळवदावर न्यावी आणि मार्गशीर्षात चुलीपाशी आणावी, तसेच हे. फरक एवढाच की इथे आजीला उठावे लागत नाही.

नातू हे वाचून हरखला. मी त्याला विचारले, हे आपल्या धावड्याला परवडेल का आणि लागेल का? तो परवडण्याबद्दल बोलला, मला लागण्याबद्दल विचारायचे होते. बर्कलेच्या गटाने अमेरिकेतल्या निरनिराळ्या हवामानांचा हिशेब मांडला आणि बहुतेक ठिकाणी हा लेप साध्या छपरांपेक्षा सरस ठरला. पण तिथे थंडीत घर तापवायला इंधन जळते, ते वाचते हा मोठा फायदा. आमच्याकडे थंडीत कोण हीटर लावतो? आमची थंडी पहाटेची, दहा वाजता ओसरीवर ऊन आले की संपली. उन्हाळा मात्र चार महिने ठाण मांडून. तेव्हा आमच्या छपराचे पहिले काम ऊन परतवणे, आणि साधा चुना ते या नव्या लेपापेक्षाही बरे करतो. कारण हा लेप थंडीतली ऊब मिळावी म्हणून उन्हाचा चौथा हिस्सा मुद्दाम शोषून घेतो. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. फाल्गुन ते वैशाख आमची हवा कोरडी असते, आभाळाची खिडकी उघडी असते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आभाळाला उष्णता द्यायची म्हटली तरी ती एवढी जात नाही. या विद्येचा खरा लाभ मराठवाडा-विदर्भाला आहे, आणि छपरे इथेच सगळ्यात वाईट आहेत!

चुन्याबद्दल आणखी एक सुचते. आपण घर रंगवतो दसरा-दिवाळीला, म्हणजे थंडीच्या तोंडावर, आणि रंगवतो त्या भिंती. छपराला कुणी विचारत नाही. त्याऐवजी पाडव्याच्या आसपास स्लॅबवर चुन्याचे दोन हात दिले तर? चुन्यात थोडा डिंक घातला की तो उन्हाळाभर टिकतो. पावसाळ्यात तो धुपतो, शेवाळ-धूळ बसून दिवाळीपर्यंत छप्पर मळकट होते आणि थंडीतले ऊन थोडे जास्त पिते. पुढच्या पाडव्याला पुन्हा पांढरे. रात्रीची उष्णता ते थंडीतही आभाळाला देणारच, ते काही या युक्तीने थांबत नाही. पण दिवसाच्या उन्हापुरते का होईना, ऋतूप्रमाणे बदलणारे छप्पर पाच-पंचवीस किलो चुन्यात मिळते. (पत्र्यावर मात्र चुना लावू नका. तो नीट धरत नाही आणि ओला चुना जस्त खातो. पत्र्यासाठी बाजारात मिळणारा पांढरा रंगच घ्यावा.)

तर पुतण्यांनो, आता मत. ते चार खण उतरवा. जड मन करून लिहितो आहे, पण त्या मातीखाली कुणाची मुले झोपू नयेत. तुळया विकू नका, ओसरीला वापरा. वर स्लॅब टाका, उंची फूटभर जास्त ठेवा, समोरासमोर खिडक्या ठेवा. स्लॅबवर पांढऱ्या फुटक्या फरशीचे तुकडे बसवता आले तर उत्तम, नाही तर दरवर्षी चुना. पैशाअभावी एखाद्या खोलीवर पत्राच टाकावा लागला, तर तो वरून पांढरा करा आणि खाली बांबूच्या चटईचे छत बांधा, मध्ये हात-दीड हात हवा खेळू द्या. त्या खोलीत कुणाला निजवायचे हे ठरवताना वय पाहा.

आणि जिना. परवा जो नकाशा मला फोनवर दाखवला त्यात खर्च वाचवायला जिना काढून टाकलेला आहे. गावातल्या कित्येक घरकुलांना जिना नाही, माणसे वैशाखातही स्लॅबखालीच घामाघूम पडून राहतात, आणि डोक्यावरच्या त्या आभाळाचा कुणाला उपयोग नाही. बाकी काही कमी करा, पण म्हाताऱ्या माणसाला चढता येईल असा, कठडा असलेला जिना ठेवा.

इतर वाचकांनी आपापल्या गावची छपरे कशी होती, काय करून गारवा ठेवत, ते जरूर कळवावे. विशेषतः विदर्भ आणि खानदेशच्या मंडळींनी. आमच्याकडे पत्र्यावर तुराट्या आणि कडबा टाकतात, पण आगीची भीती असते. तुमच्याकडे याहून बरी काही रीत असेल तर स्लॅब पडायच्या आत कळली पाहिजे!